आखडलेला खांदा आणि रक्तातली साखर

पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत, मागच्या खिशातले पाकीट काढताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपणे मुश्कील होते. पन्नाशीतल्या माणसाने अशी तक्रार केली की घरचे उत्तर ठरलेले असते: वय झाले, तेल लाव, शेक घे. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवून पाहावा. तो वळत नसेल आणि दुसऱ्याने हलकेच वळवूनही अडत असेल, तर खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण सुजून, जाड होऊन आक्रसले असण्याची शक्यता मोठी. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये या दुखण्याला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हटले.

हे दुखणे दुर्मीळ नाही. साधारण शंभरातल्या दोन ते पाच जणांना ते कधी ना कधी गाठते, बहुतेकांना चाळीस ते साठ या वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. जपानीत तर त्याला ‘पन्नाशीचा खांदा’ अशाच अर्थाचे नाव आहे. पण वय हेच खरे कारण असते, तर सत्तरी-ऐंशीत ते सर्वाधिक दिसायला हवे होते. तसे दिसत नाही. मोठा धागा सापडतो तो मधुमेहात. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा मधुमेहींपैकी सुमारे १३ टक्क्यांना हा त्रास आढळला आणि खांदा आखडलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना मधुमेह निघाला. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती आवरणातल्या कोलॅजेन तंतूंना चिकटून त्यांची लवचिकता घालवते, असे मानले जाते. थायरॉइडचे विकार असलेल्यांनाही धोका अधिक. फ्रॅक्चर, पक्षाघात किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात फार दिवस जागचा हलला नाही, तरी खांदा आखडू शकतो.

यावर कोणी म्हणेल, हे तर आपोआप बरे होते. बहुतेकांचे होते, पण त्याला एक ते तीन वर्षे लागतात आणि काहींचा हात थोडा अडलेलाच राहतो. शिवाय खांदा सुटला तरी वाढलेली साखर आपोआप उतरत नाही. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: दहांतल्या सातांना मधुमेह नसतो, मग सगळ्यांना का घाबरवायचे? इथे घाबरवण्याचा प्रश्नच नाही, एका साध्या रक्ततपासणीचा आहे. आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि अनेकांना तो जडल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही. उपचारासाठीही साखर ठाऊक असणे गरजेचे, कारण खांद्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने ती काही दिवस वाढू शकते.

म्हणून हात वर जाईनासा झाला, तर तेलाच्या बाटलीवर थांबू नका. डॉक्टरांना खांदा दाखवा आणि त्याच आठवड्यात रक्तातली साखर तपासून घ्या.