विश्लेषण : कमी बजेटमध्ये गिटारचा ॲम्प कसा निवडायचा? जास्त वॉट म्हणजे चांगला आवाज असतो का?

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना बहुतेकांचे सगळे पैसे गिटारवरच खर्च होतात. ॲम्प्लिफायरचे ‘नंतर बघू’ असे ठरते. मग गिटार घरच्या होम थिएटरला जोडली जाते, आवाज पातळ आणि बोचरा येतो आणि काही महिन्यांत गिटार कपाटावर जाऊन बसते. उलट काही जण उत्साहाच्या भरात ५० किंवा १०० वॉटचा ॲम्प घरी आणतात. सोसायटीत त्याचा आवाज ‘एक’च्या पुढे कधीच नेता येत नाही. पहिला पगार किंवा घरच्यांनी दिलेले पैसे हातात असताना या दोन्ही चुका महागात पडतात. मर्यादित पैशांत ॲम्प निवडताना काय पाहायचे आणि कशाकडे दुर्लक्ष करायचे, याविषयी…

इलेक्ट्रिक गिटारला ॲम्प का लागतो?

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते. ही वीज मिलिव्होल्टमध्ये मोजावी लागते. स्पीकर हलवण्यासाठी ती अनेक पटींनी वाढवावी लागते.

दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. त्याला साधारण १० लाख ओहम अवरोध (इम्पिडन्स) असलेला इनपुट लागतो आणि गिटारच्या ॲम्पमध्ये तो तसाच असतो. होम थिएटर किंवा मिक्सरचा नेहमीचा इनपुट याच्या कितीतरी पट कमी अवरोधाचा असतो. तिथे गिटार जोडली की वरचे, चमकदार स्वर दबतात आणि आवाज मेल्यासारखा येतो.

होम थिएटर किंवा पीए सिस्टीमवर काम भागत नाही का?

स्वच्छ आवाजापुरते कसेबसे भागते. डिस्टॉर्शन लावले की मात्र सगळे बिघडते. गिटारसाठी बनवलेला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचे स्वर फारसे वाजवतच नाही. होम थिएटर किंवा मंडळाच्या पीए सिस्टीमचे स्पीकर मात्र माणसाला ऐकू येणारी जवळपास सगळी पट्टी वाजवतात. डिस्टॉर्शनमधली वरची खरखर त्यातून जशीच्या तशी बाहेर येते आणि मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखा आवाज होतो. म्हणजे गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर नको असलेला भाग गाळूनही टाकतो.

किती वॉट पुरेसे?

दुकानात सर्वांत आधी विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त दिशाभूल करणारा प्रश्न हाच. वॉट आणि आवाज यांचे नाते सरळ नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहा डेसिबलची वाढ, म्हणजेच दहापट वॉट लागतात. त्यामुळे १० आणि २० वॉटच्या दोन ॲम्पमध्ये आवाजाचा फरक थोडाच असतो, किमतीतला फरक मात्र चांगलाच जाणवतो.

गिटारचा चांगला १२ इंची स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल किंवा त्याहूनही जास्त आवाज देतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. भिंती आणि अंतरामुळे शेजारच्या घरात आवाज कमी पोहोचतो हे खरे, तरी फ्लॅटमध्ये सरावासाठी एक वॉटही जास्तच ठरतो.

ढोबळ हिशेब असा : घरच्या सरावासाठी ५ ते २० वॉट. ड्रमसोबत बँडचा सराव करायचा असेल तर ट्रान्झिस्टरचा ३० ते ५० वॉटचा किंवा ट्यूबचा १५ वॉटचा ॲम्प. गॅदरिंगच्या किंवा गणेशोत्सवाच्या स्टेजसाठी वेगळा मोठा ॲम्प घेण्याची गरज नसते. तिथे पीए सिस्टीम असतेच. ॲम्पसमोर माइक लावला किंवा ॲम्पच्या लाइन आउटमधून केबल मिक्सरला दिली की छोटा ॲम्पही मैदानभर ऐकू येतो. एरिक क्लॅप्टनच्या ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या बँडने १९७० मध्ये ‘लैला’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्याने फेंडर चॅम्प हा जेमतेम पाच वॉटचा, आठ इंची स्पीकरचा ॲम्प वापरला होता.

ट्यूब, ट्रान्झिस्टर की मॉडेलिंग?

ट्यूब ॲम्पमध्ये जुन्या रेडिओसारख्या काचेच्या निर्वात नळ्या असतात. मर्यादेपलीकडे ढकलले की त्या सिग्नल हळुवारपणे दाबतात आणि त्यातून येणारे डिस्टॉर्शन कानाला गोड लागते. याच गुणामुळे ट्यूबचे १५ वॉट ट्रान्झिस्टरच्या १५ वॉटपेक्षा मोठे वाटतात : फाटलेला आवाजही वापरता येतो. पण ट्यूब ॲम्प महाग असतो, जड असतो, नळ्या झिजतात आणि त्याची खरी मजा मोठ्या आवाजातच येते. पहिल्या ॲम्पसाठी, तेही फ्लॅटमध्ये, तो सोयीचा नाही.

ट्रान्झिस्टरचा म्हणजे सॉलिड स्टेट ॲम्प स्वस्त, हलका आणि टिकाऊ असतो. तो कमी दर्जाचा असतो हा समज चुकीचा आहे. १९७५ मध्ये आलेला रोलँडचा जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरचाच ॲम्प आजही स्वच्छ आवाजासाठी नावाजला जातो. फेंडर फ्रंटमन किंवा ऑरेंज क्रश मालिकेतले छोटे ॲम्प याच प्रकारातले.

तिसरा प्रकार मॉडेलिंगचा. यात डिजिटल चिप वेगवेगळ्या नामांकित ॲम्पच्या आवाजाची नक्कल करते. डिले, रिव्हर्ब, कोरस असे इफेक्ट आतच मिळतात. बॉस कटाना, फेंडर चॅम्पियन, यामाहा टीएचआर ही त्यातली परिचित नावे. कोणत्या शैलीत वाजवायचे हे अजून ठरलेले नसेल, तर नवशिक्यासाठी हाच सर्वांत फायद्याचा सौदा. त्यात एक धोका मात्र आहे : पन्नास आवाज हाताशी असले की सरावाचा अर्धा वेळ बटणे फिरवण्यात जातो. ज्याला एक-दोन आवाजांतच वाजवायचे आहे, त्याने साधा ट्रान्झिस्टर ॲम्प घ्यावा.

स्पीकरचा आकार किती महत्त्वाचा?

कमी बजेटमध्ये वॉटपेक्षा जास्त. छोट्या सराव ॲम्पमध्ये सहा किंवा आठ इंचांचा स्पीकर असतो. त्यात खर्जातले स्वर, म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड तारेचे ८२ हर्ट्झच्या आसपासचे सूर, भरदार येत नाहीत आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. दोन ॲम्प सारख्या किमतीचे असतील आणि एकात वॉट जास्त, तर दुसऱ्यात स्पीकर मोठा असेल, तर दुसरा ऐकून पाहावा. स्पीकरची संवेदनशीलता तीन डेसिबलने जास्त असेल तर वॉट दुप्पट केल्याइतकाच फरक पडतो.

कोणत्या सुविधांसाठी पैसे मोजावेत?

हेडफोन आउट ही पहिली गरज. रात्री दहानंतर सराव करायचा असेल तर त्याला पर्याय नाही. दुसरी म्हणजे गेन आणि मास्टर व्हॉल्यूम वेगवेगळे असणे. गेनने आवाज किती फाटेल हे ठरते, मास्टरने तो किती मोठा ऐकू येईल हे ठरते. दोन्ही स्वतंत्र असतील तर हळू आवाजातही रॉकचा पोत मिळतो. तिसरी ऑक्स इन : मोबाइलवरचे गाणे किंवा ड्रमचा ट्रॅक लावून सोबत वाजवता येते. यूएसबी असेल तर कॉम्प्युटरवर थेट रेकॉर्डिंग करता येते. इफेक्टच्या लांबलचक यादीसाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत. त्यातले तीन-चारच नेहमी वापरले जातात.

ॲम्पऐवजी मोबाइल किंवा कॉम्प्युटर चालेल का?

हॉस्टेलमध्ये किंवा पीजीमध्ये राहणाऱ्यांसाठी हा मार्ग खरोखर उपयोगी आहे. घरी कॉम्प्युटर आणि बरा हेडफोन असेल तर एक ऑडिओ इंटरफेस घेऊन काम होते. त्यावर गिटारसाठीचा, ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ असे लिहिलेला इनपुट असल्याची खात्री करावी. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मोफत मिळते. आयफोन, आयपॅड आणि मॅकवर गॅरेजबँड मोफत आहे.

इथे अडचण असते ती उशिराची. तार छेडल्यापासून आवाज कानात येईपर्यंत दहा मिलिसेकंद लागले तर ते ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभे राहून वाजवण्यासारखे असते, म्हणजे चालून जाते. ब्लूटूथ इअरफोनमध्ये हा उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो आणि ताल सुटतो. त्यामुळे वाजवताना वायरचाच हेडफोन वापरावा. सर्वांत स्वस्त तोड म्हणजे व्हॉक्स ॲमप्लगसारखा, थेट गिटारच्या जॅकमध्ये बसणारा हेडफोन ॲम्प.

ॲकॉस्टिक आणि बेस गिटारसाठी हाच ॲम्प चालेल?

पिकअप बसवलेल्या ॲकॉस्टिक गिटारचा आवाज इलेक्ट्रिकच्या ॲम्पमधून मंद, दबलेला येतो. कारण तिला पूर्ण पट्टीचा स्पीकर हवा असतो. तिच्यासाठी ॲकॉस्टिक ॲम्प किंवा सरळ पीए सिस्टीम बरी. केवळ घरी वाजवायचे असेल तर ॲकॉस्टिकला ॲम्पची गरजच नाही. बेसची जाड तार ४१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. गिटारच्या छोट्या ॲम्पवर मोठ्या आवाजात बेस वाजवला तर स्पीकर फाटू शकतो.

सेकंडहँड ॲम्प घ्यावा का?

कमी बजेटमध्ये चांगला स्पीकर मिळवण्याचा हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे, पण फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. आपली गिटार आणि केबल सोबत न्यावी. ॲम्प किमान अर्धा तास चालू ठेवावा. काही दोष गरम झाल्यावरच कळतात. सगळी बटणे फिरवून पाहावीत. फिरवताना होणारी खरखर धुळीमुळे असते आणि क्लीनर स्प्रेने बहुधा जाते. केबल लावलेला जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल, जळका वास येत असेल किंवा स्पीकरचा कागद फाटलेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. ट्रान्झिस्टरचे साधे ॲम्प मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरातले कसलेले कारागीर दुरुस्त करू शकतात. डिजिटल मॉडेलिंग ॲम्पचा बोर्ड गेला तर काम अवघड होते.

विजेबाबत कोणती काळजी घ्यावी?

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो. मागच्या पट्टीवरचा व्होल्टेजचा आकडा आधी वाचावा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागणार असेल, तर त्याची किंमत आणि वजन हिशेबात धरावे.

दुसरा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसेल, तर ती वीज थेट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येते. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वे याचा, अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून, स्टेजवरच मृत्यू झाला. जुन्या चाळी, मांडव, जनरेटरवरचे कार्यक्रम अशा ठिकाणी अर्थिंग तपासून घ्यावे. घुमणारा ‘हम’ आवाज घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापण्याचा ‘उपाय’ कधीही करू नये. ट्यूब ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये आणि बंद असतानाही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असतात.

मग पैसे कसे विभागायचे?

समजा, गिटारसह सगळ्यासाठी २० हजार रुपये आहेत. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक गिटारवर, सात-आठ हजार ॲम्पवर आणि उरलेले केबल, पट्टा व तारांच्या जादा संचावर, अशी वाटणी सोयीची ठरते. ट्यूनरसाठी वेगळे पैसे नकोत. मोबाइलवर मोफत ॲप मिळतात. केबल अगदीच स्वस्त घेऊ नये. सरावात सर्वांत आधी तीच दगा देते. गिटार आधीच घरात असेल तर दुकानात तीच घेऊन जावे आणि तिच्यावरच ॲम्प ऐकावा. तोही व्हॉल्यूम घरी जितका ठेवता येईल तितकाच ठेवून. दुकानात मोठ्या आवाजात बहुतेक ॲम्प चांगलेच वाटतात. घरच्या हळू आवाजात ज्याचा सूर भरलेला वाटेल, तोच आपल्या बजेटचा ॲम्प.