चकती काढली, पण जेट?

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी जुन्या परदेशी मोटारसायकलच्या कार्बोरेटर आणि एंजिनामधून एक भोकाची चकती काढून आमच्या हातावर ठेवली. "हिनंच गाडीची ताकद बांधली होती." खरे आहे. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 9000 लिटर हवा लागते. 28 मिमी व्यासाची वाट 20 मिमी केली, की क्षेत्रफळ निम्मेच उरते (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे).

पण चकतीबरोबर अनेकदा जेटही लहान बसवलेला असतो. नुसती चकती काढली तर हवा वाढते, पेट्रोल अपुरे पडते, आणि भर वेगात पिस्टन तापून जाम होऊ शकतो. मग मागचे चाकही अडकते, आणि तेही उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर! म्हणून मिस्त्री प्लग काढून पाहतात: टोक तपकिरी असेल तर ठीक, पांढरे पडले तर जेट मोठा हवा.