गावातील गुणवंताची शिफारस कशी करावी

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट डोळ्यांपुढे येतो. परंतु ह्याच तालुक्यातील खेडी पावसाळ्यात भातलावणीत गढलेली असतात. तेव्हा पुरस्कारांचा विषय भातापासूनच सुरू करणे सोयीचे होईल.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक व जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी होते. सन १९८३ मध्ये आपल्या शेतातील 'पटेल-३' भातात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, दरवर्षी वेगळ्या पेरल्या आणि त्यांतून बारीक दाण्याचा एक वाण सिद्ध केला. बाजारात त्यास प्रसिद्ध घड्याळाचे 'एच.एम.टी.' हे नाव पडले. वाण दूरवर पसरला. तो निवडणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळ काळ मागेच राहिले. सन २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. पद्म पुरस्कार त्यांना लाभला नाही. सन २०१८ मध्ये ते निवर्तले, आणि पद्म पुरस्कार सामान्यतः मरणोत्तर देण्यात येत नाहीत. शिफारशीस विलंब लावू नये तो ह्याचसाठी.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे ह्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते; तरी गावठी बियाण्यांच्या जतनाबद्दल त्यांना सन २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी हिवरे बाजारचे पोपटराव पवार ह्यांचीही निवड झाली.

पद्म पुरस्कार सन १९५४ पासून देण्यात येतात. त्यांत रोख रक्कम नसते. राष्ट्रपतींच्या सहीची सनद व पदक मिळते. ही पदवी नव्हे, म्हणून ती नावामागे लावता येत नाही. कोणाही नागरिकास दुसऱ्याचे, किंबहुना स्वतःचेही, नाव सुचविता येते. त्यासाठी मंत्र्यांच्या पत्राची आवश्यकता नाही, ही गोष्ट खेड्यांत अद्याप फारशी ठाऊक नाही. नामनिर्देशन राष्ट्रीय पुरस्कारांच्या संकेतस्थळावर करावयाचे असते. मुदत दरवर्षी जाहीर होते, ती पाहून घ्यावी. डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळता सेवेतील सरकारी नोकर पात्र नाहीत.

अर्जासोबत कार्याचा वृत्तान्त आठशे शब्दांच्या आत द्यावा लागतो. खरी अडचण येथेच येते. 'थोर समाजसेवक' अशी विशेषणे लिहून काही साधत नाही. काम कोणत्या वर्षी आरंभिले, किती कुटुंबांस लाभ झाला, आधी काय स्थिती होती व नंतर काय झाले, हे आकड्यांनिशी लिहावे. काम करणाऱ्या माणसापाशी कागद नसतात. ते जमविणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम होय. ग्रामसभेचे ठराव, जुनी छायाचित्रे, बियाणे नेलेल्या शेतकऱ्यांची नावे, सर्व उपयोगी पडते.

वर्षाला मर्यादित संख्येनेच पद्म पुरस्कार दिले जातात, म्हणून तेवढ्यावरच विसंबू नये. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरण वाण जतन करणाऱ्या शेतकऱ्यांना व गावसमूहांना स्वतंत्र पुरस्कार देते. शेतकऱ्याने सिद्ध केलेल्या वाणाची तेथे नोंदणीही होते व तिला शुल्क पडत नाही. ज्यांच्याकडे असा निराळा भात असेल त्यांनी कापणीच्या वेळी त्याच्या लोंब्या वेगळ्या बांधून ठेवाव्यात आणि वर्ष व शेताचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत जोडावी.