भातखाचरातील बारीक माश्या व छायाचित्रावरून त्यांची ओळख

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा या तालुक्यांत भाताची रोपलावण उरकली, की थोड्याच दिवसांत खाचरातील पाण्यालगत व रोपांच्या पानांवर करड्या रंगाच्या बारीक माश्या बसलेल्या आढळतात. मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढून लगेच औषध विचारण्याकडे पुष्कळांचा कल असतो. परंतु गोम अशी, की एकाच खाचरात, एकाच इफिड्रिडी कुळातील, दिसण्यात सारख्या अशा दोन माश्या असू शकतात. त्यांपैकी एकीची अळी भाताचे पान खाते, तर दुसरी त्या पहिलीचीच शिकार करते.

नुकसान करणारी माशी हायड्रेलिया फिलिपिना ही होय. १९६८ साली फेरिनो यांनी तिला हे शास्त्रीय नाव दिले. तिची लांबी सुमारे २ मिलिमीटर असते. ती पानावर एकेक पांढरे अंडे घालते. अळी पोंग्यात शिरून न उलगडलेल्या पानाची कड कुरतडते. त्यामुळे पान उलगडल्यावर कडेने पांढरट-पिवळे पट्टे व बारीक छिद्रे दिसतात आणि वाऱ्याने पान तेथेच मोडते. कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी दिसल्यास मात्र तो गादमाशीचा उपद्रव समजावा. गादमाशी डासासारखी लांब पायांची असते.

मित्रमाशी ऑक्थेरा हिची खूण तिच्या पुढच्या पायांत आहे. खंडोबाच्या कीटकाप्रमाणे तिच्या पुढच्या पायांच्या मांड्या फुगीर असून भक्ष्य पकडण्यास योग्य असतात. आकारानेही ती मोठी असते. वरून घेतलेल्या छायाचित्रात हे पाय सहसा झाकले जातात, आणि घोटाळा होतो तो येथेच. यास्तव माशीचे छायाचित्र बाजूने व समोरूनही घ्यावे; शेजारी मोजपट्टी ठेवावी. त्याच चुडाच्या पानाचे वेगळे छायाचित्र घेऊन गाव, तारीख, वाण व लावणीनंतरचे दिवस नोंदवावेत. पानावरील खूण माशीपेक्षा अधिक बोलकी असते.

तरीही केवळ छायाचित्रावरून जात निश्चित सांगता येईलच असे नाही. हायड्रेलियाच्या जगात २०० हून अधिक जाती असून पुष्कळदा नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. त्या सर्वच शत्रू नाहीत. हायड्रेलिया पाकिस्तानी ही जाती तर हायड्रिला या पाणवनस्पतीच्या नियंत्रणासाठी अमेरिकेतील फ्लोरिडात १९८७ साली मुद्दाम सोडण्यात आली. म्हणून शंका असल्यास दोन-चार माश्या स्पिरिटच्या बाटलीत घालून तालुका कृषी अधिकाऱ्यांमार्फत कृषी महाविद्यालयाकडे पाठवाव्यात.

पीक फुटवे धरू लागले, की ते बहुधा या नुकसानीतून सावरते. चुडांनी पाणी झाकले गेल्यावर माशीही तेथे फारशी येत नाही. घाईची फवारणी ऑक्थेरा व कोळी यांचाच आधी नाश करते. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात मधूनमधून खाचरातील पाणी काढणे अधिक हितकर. संततधारेत ते साधत नाही, हे खरे. उघडीप मिळताच बांधाची वाट मोकळी करावी. मात्र युरिया दिल्यावर लगेच पाणी सोडू नये.