मधुमेह झाकून ठेवू नका

दोन वर्षांपूर्वी आमच्या खानापूर भागातील धर्मग्रामात आरोग्य तपासणीचे शिबिर भरले होते. सुईच्या भीतीने लोक पुढे यावयास कचरत होते. त्यांना धीर यावा म्हणून प्रथम मीच हात पुढे केला. परंतु धीर देणाऱ्याचाच धीर सुटावा, असा प्रसंग त्यातून उद्भवला. उपाशीपोटी माझ्या रक्तातील साखर १६८ भरली. पुढे प्रयोगशाळेतही तोच निर्णय कायम झाला. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह जडला होता.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले, हे सांगताना आजही संकोच वाटतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी कपाटात बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांमागे ठेवीत असे. कोणी साखरेचा चहा पुढे केला, तर निमूटपणे पिऊन टाकी. अंगात ताप नव्हता, काही दुखत नव्हते. त्यामुळे आजार आहे हेच मनाला पटेना. आणि लोकांना सांगावे, तर आपल्या हातून काही अपराध घडला आहे असे वाटे.

अशातच सणाच्या दिवशी एका घरी जेवणास गेलो. बेळगावहून मुद्दाम आणविलेल्या कुंद्याची बशी पुढे आली. मी नको म्हणताच गृहिणी म्हणाल्या, "फादर, सणाचं गोड परत करू नये. एवढं तरी घ्या की!" त्या क्षणी मला खोटे बोलवेना. मी म्हणालो, "बाई, मला मधुमेह आहे." घरात क्षणभर शांतता पसरली. बाईंनी बशी उचलली आणि मुकाट्याने पानात मुगाची उसळ वाढली.

निघताना घरधनी फाटकापर्यंत आले. मान खाली घालून म्हणाले, "फादर, मलाही आहे. दोन वर्षं झाली. घरात ठाऊक नाही." मुलीचे लग्न ठरावयाचे होते. बापाला साखरेचा रोग आहे हे बाहेर कळले, तर सोयरीक मोडेल, ही त्यांची भीती. गोळ्या शेतावरच्या खोपीत ठेवलेल्या. शेतावर गेले तर घ्यावयाच्या, नाही तर राहिल्या. टाचेला तीन आठवड्यांची जखम होती. काय बोचले, केव्हा बोचले, हेही त्यांना कळले नव्हते.

आम्ही दोघे फाटकातूनच मागे वळलो व बाईंना सारे सांगितले. त्या प्रथम रडल्या, मग रागावल्या. "रोज डब्यात गूळ मीच घालत होते की हो! मला सांगायचं नाही?" त्या प्रश्नाला आम्हां दोघांपाशीही उत्तर नव्हते.

वाचकहो, हा प्रसंग त्या कुटुंबाच्या अनुमतीने येथे दिला आहे. झाकून ठेवण्याजोगे या आजारात काय आहे? अन्नातून निर्माण होणारी साखर पेशींपर्यंत पोचविण्याचे काम इन्सुलिन करते. चाळिशीच्या सुमारास ते पुष्कळांना अपुरे पडू लागते, किंवा शरीर त्याला दाद देईनासे होते. आनुवंशिकता, पोटावरची चरबी आणि बैठे जीवन ही त्याची प्रमुख कारणे. केवळ गोड खाण्याचे ते फळ नव्हे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक भरली आणि दुसऱ्या तपासणीतही तेच आढळले, तर मधुमेह समजतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना तो आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातलग ज्या गोव्यात आहेत, तेथे हे प्रमाण शेकडा २६.४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक आढळले. मग लाज कोणी कोणाची बाळगावी?

आजार घरात उघड झाला, की त्याचे निम्मे ओझे स्वयंपाकघर उचलते. आजाऱ्यासाठी वेगळी चूल नको. पानात भात निम्मा, भाजी दुप्पट, सोबत डाळ, उसळ, मासे किंवा अंडे. हे जेवण साऱ्या घराला मानवते. साखरेऐवजी गूळ वा मध घेतला तर चालते, हा समज मात्र चुकीचा आहे. नाचणीची भाकरीही मोजूनच खावी. आठवड्यातून निदान १५० मिनिटे भरभर चालावे. रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय पाहावेत, कारण तेथील संवेदना मंदावली, की काटा रुतलेलाही कळत नाही. वर्षातून एकदा डोळे व मूत्रपिंडे तपासून घ्यावीत. बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये.

राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी पुष्कळ जण उपाशीपोटीच गोळी घेतात, ते धोक्याचे आहे. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम आजाऱ्याला बांधीत नाही. काही औषधांनी, विशेषतः इन्सुलिनने, उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते. अकस्मात घाम सुटला, हातपाय थरथरले, छातीत धडधडले, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी; मात्र माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. शेजाऱ्याला आजार ठाऊकच नसेल, तर त्या घटकेला ही साखर कोण देणार?

त्या गृहस्थांची टाच उपचारांनी हळूहळू भरून आली. मुलीच्या सोयरिकीचे बोलणे अद्याप चालू आहे. परंतु या वेळी वधुपित्याने आपला आजार पहिल्याच बैठकीत सांगितला. माझ्या गोळ्याही आता नोंदवह्यांमागे नसतात. जेवणाच्या मेजावर, मिठाच्या भांड्याशेजारी त्या असतात, आणि एखादे दिवशी विसरलोच, तर आमची स्वयंपाकीण मला आठवण करून देते.