वर्ध्याच्या उन्हात ऑक्टोपस?

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत खाऱ्या पाण्याची टाकी बसवता येईल. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ घातले की झाले. खरी अडचण उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांवर गेला की टाकीतले पाणीही तापते आणि त्यात प्राणवायू कमी विरघळतो. ऑक्टोपसला तीन हृदये असली तरी त्याचे तांबेयुक्त निळे रक्त अशा पाण्यात अपुरे पडते. म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र अखंड चालायला हवे. वीज गेली की जीव धोक्यात. शिवाय हाडे नसलेला हा प्राणी लहानशा फटीतूनही निसटतो. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या मत्स्यालयातला ‘इंकी’ सांडपाण्याच्या नळीतून समुद्रात पोहोचला. इथे निसटलेल्याला कोरडी फरशीच मिळेल. बहुतेक जातींचे आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचे. ते समुद्रातच जावे.