नोझलची हजेरी

मस्कतला येण्याआधी मी सात वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. एम. ए.ची पदवी आता कपाटातल्या फाइलमध्ये आहे आणि हातात खडूऐवजी पायपिंग बॅग आली आहे. केक मी विकत नाही. मंडळातल्या ओळखीच्या घरांत वाढदिवस असला, बारसं असलं, की हौसेनं करून देते. फोटोत केक दिसतो, क्रीमची फुलं दिसतात. ती फुलं ज्यातून उमलतात ते बोटभर लांबीचं धातूचं नोझल मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, शेजारच्या आजींच्या पंचाहत्तरीपर्यंत.

आजी पंढरपूरकडच्या. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे अंडं वर्ज्य. सुनेनं मला आधीच बजावलं होतं, "अगं, एगलेसच हं, नाहीतर त्या शिवणार नाहीत." शुक्रवारी दुपारी जेवण होतं. गुरुवारी रात्री मी दही घालून केक भाजला, केशराच्या पिवळसर क्रीमनं सजवला आणि फ्रिजमध्ये ठेवून निर्धास्त झोपले.

सकाळी भांडी आवरताना चांदणीच्या नोझलच्या खाचेत नखाला काहीतरी कडक लागलं. उजेडात धरून पाहिलं, तर पांढरा वाळलेला कण. आमचं क्रीम पिवळं, मग हे पांढरं कुठलं? आठवलं आणि पोटात गोळा आला. चार दिवसांपूर्वी लेकीच्या मैत्रिणींसाठी मी याच नोझलमधून मेरिंग काढलं होतं. म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर.

नवरा म्हणाला, "एवढ्याशा कणानं काय होतंय? कुणाला कळणार आहे?" कळणार कुणालाच नव्हतं, तेच तर अवघड होतं. वर्गात मुलांना ज्या गोष्टी सांगितल्या त्या आठवल्या आणि मी शेजारची बेल वाजवली.

सून गप्प झाली. आजी मात्र आतून बाहेर आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस, पोरी. केक लेकरं खातील. मला शिरा कर." मग नवा केक करायला वेळ नव्हताच, म्हणून अननसाचा शिरा केला, गोल भांड्यात दाबून ताटात उपडा केला. औक्षण झालं, आजींनी शिरा कापला. केक बिल्डिंगमधल्या मुलांनी फस्त केला.

निघताना आजींनी विचारलं, "आमच्याकडे सोऱ्या धुतला की उन्हात वाळल्याशिवाय डब्यात जात नाही. तुझी ही यंत्रं ऊन बघतात का?"

नव्हती बघत. ओमानमध्ये राहून माझी नोझलं उन्हाला पारखी होती! त्या दिवसापासून मी जी शिस्त लावली, ती इथे सांगते. ज्या मैत्रिणी नव्यानं केक करू लागल्या आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आत काय होतं ते आधी आठवायचं. बटरक्रीम म्हणजे स्निग्धांश. एसीतल्या गार स्वयंपाकघरात तो लगेच थिजतो. आधी टिश्यूनं पुसून घ्यावा, म्हणजे सिंकचा पाइप तुंबत नाही. मग गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून नोझलं पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवावीत. अंड्याचा बलक असेल तर नेमकं उलटं. कढत पाण्यात तो शिजून चिकटतो, म्हणून आधी गार पाणी आणि मग गरम साबणपाणी. आता इथल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे 'गार' नळालाच चटके बसतात, हे तुम्हाला सांगायला नको. गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरायची आपली युक्ती इथेही चालते.

दुसरी गोष्ट ब्रश. बाळाच्या बाटलीचं बूच धुवायचा किंवा स्ट्रॉ साफ करायचा छोटा ब्रश रुंद तोंडाकडून आत घालून फिरवावा. सुरीचं टोक किंवा सुई टोकाशी खुपसू नये. चांदणीचा एक दात जरी वाकला तरी प्रत्येक फूल वाकडं पडतं. तारेच्या घासणीनंही घासू नये. तिचे बारीक कण अडकतात आणि त्यांनाच गंज चढतो.

तिसरी गोष्ट तपासणी. धुतलेलं नोझल दुर्बिणीसारखं डोळ्याला लावून खिडकीकडे पाहायचं. प्रत्येक खाच स्वच्छ दिसली तरच पास. त्या गुरुवारी मी एवढंच केलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

चौथी गोष्ट वाळवण. समुद्रकाठची दमट हवा आणि बंद डबा यांचं जमत नाही. कथिलाचा मुलामा दिलेली स्वस्त नोझलं मुलामा झिजला की गंजतात. आत गंज दिसला तर जीव अडकवू नका, टाकून द्या. स्टेनलेस स्टीलची टिकतात, पण तीही ओली ठेवू नयेत. झटकून, रुंद तोंड खाली करून फडक्यावर उभी करायची, मग बाल्कनीत उन्हात. धूळ बसू नये म्हणून वर पुरणाची चाळण पालथी घालते. ढगाळ दिवस असेल तर केक काढून बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये थोडा वेळ.

पाचवी गोष्ट माझ्यातल्या बाईंना फार आवडली. शिकागोत १९२९ साली ड्यूई मॅकिन्ले विल्टन यांनी केक सजवायचे वर्ग सुरू केले. त्यांच्या नावाच्या कंपनीचे नोझलचे क्रमांक आज घरोघरी ओळखीचे आहेत. १ ते १२ गोल तोंडाची, १३ ते २२ उघड्या चांदणीची, ६५ ते ७० पानांची, १०१ ते १०४ पाकळ्यांची. क्रमांक नोझलवरच कोरलेला असतो. इतर कंपन्यांचे क्रमांक काही वेळा वेगळे असतात, तेव्हा खरेदी करताना आकारही पाहून घ्यावा. मी त्यांना हजेरीपटासारखं बसवलं. औषधांच्या गोळ्यांच्या खणांच्या डब्यात एका खणात एक कुटुंब. झाकणाच्या आत एकूण संख्या लिहिलेली. काम सुरू करताना मोजायची, संपल्यावर मोजायची. याआधी दोन नोझलं वापरलेल्या पिशवीबरोबर कचऱ्यात गेली होती. हजेरी सुरू झाल्यापासून एकही गैरहजर नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबे दोन केले. अंड्याच्या कामाची नोझलं आणि ब्रश वेगळे, एगलेसचा संच वेगळ्या स्टीलच्या डब्यात, झाकणावर हिरवी पट्टी. कुणी याला सोवळं म्हणेल. म्हणू दे. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठीही मी हाच नियम पाळते, नवा संच वापरते, आणि माझ्या स्वयंपाकघरात हे पदार्थ असतात हे त्याच्या आईला आधीच सांगते. आपल्या हातचं माणसं डोळे मिटून खातात. मग डोळे उघडे ठेवायचं काम आपलंच.

दिवाळी तोंडावर आहे, तेव्हा सोऱ्याबद्दलही दोन शब्द. तुळशीबागेतून आणलेल्या माझ्या पितळी सोऱ्याच्या चकत्याही आता याच शिस्तीत आल्या आहेत. चकलीचं पीठ गरम पाण्यात खळीसारखं चिकट होतं, म्हणून चकत्या आधी गार पाण्यात भिजवते, भोकं खराट्याच्या स्वच्छ काडीनं मोकळी करते. चिंचेनं घासल्या की लगेच धुऊन कोरड्या करते, नाहीतर हिरवट डाग धरतात. शेवेची, चकलीची, चिवड्याच्या जाड शेवेची, सगळ्यांची हजेरी होते.

आजी डिसेंबरात पुन्हा येणार आहेत. फोनवर म्हणाल्या, "या खेपेला शिरा नको. केकच कर." मी लगेच हिरव्या पट्टीचा डबा काढला आणि नोझलं मोजली. सगळी हजर आहेत.